आकाशाची ओढ आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

अवकाश संशोधनाशी संबंधित कोणत्याही शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलेला विद्यार्थी पहिले वाक्य बहुधा एकच लिहितो : ‘मला लहानपणापासून ताऱ्यांची आणि अवकाशाची आवड आहे.’ हे वाक्य अगदी मनापासून लिहिलेले असते. चंद्रयान-३ चे लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, तेव्हा घराघरांत मुले टीव्हीसमोर खिळून बसली होती. त्यांतल्या कित्येकांच्या मनात ‘आपणही हे करायचे’ ही इच्छा त्या संध्याकाळी रुजली असेल. अडचण इतकीच, की निवड करणाऱ्यांसमोर असलेला प्रत्येक अर्जदार हेच सांगत असतो आणि आवड मोजायला कुणाकडेही मापपट्टी नसते. त्यांना दिसते ते त्या आवडीपोटी तुम्ही आजवर काय केलेत, एवढेच. म्हणून या लेखाचे सांगणे सरळ आहे. शिष्यवृत्ती मिळाल्यावर काम सुरू करू, असे म्हणू नका. काम आधी सुरू करा, शिष्यवृत्ती त्या कामाच्या आधारे मागा. असे केल्याने निवडीची शक्यता वाढते आणि निवड झाली नाही तरी हातात काहीतरी उरते.

हे केवळ उपदेशाचे वाक्य नाही, खगोलशास्त्राच्या इतिहासात त्याला भक्कम आधार आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० साली भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा ते १९ वर्षांचे होते. पांढऱ्या बटू ताऱ्यांच्या वस्तुमानाला मर्यादा असते, या निष्कर्षाकडे नेणारे गणित त्यांनी त्या प्रवासात मांडले आणि पुढे १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही गोष्ट सांगताना बोटीवरचे गणित सर्वांना आठवते, त्याआधीची दोन वर्षे मात्र सुटून जातात. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच त्यांनी नव्या क्वांटम सांख्यिकीचा अभ्यास स्वतःहून केला होता आणि लिहिलेला शोधनिबंध केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांच्याकडे पाठवला होता. ज्यांच्या हाताखाली शिकायला जायचे, त्यांना चंद्रशेखरांचे काम आधीच ठाऊक होते. वेणू बाप्पूंचे उदाहरणही याच जातीचे. त्यांचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत काम करत. दुर्बिणींच्या सहवासात वाढलेला हा मुलगा विद्यार्थिदशेतच निरीक्षणे करू लागला होता. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते हार्वर्डला गेले आणि १९४९ मध्ये, तिथे पोहोचल्यावर थोड्याच महिन्यांत, त्यांनी घेतलेल्या छायाचित्रात एक नवा धूमकेतू सापडला. आज तो बाप्पू-बोक-न्यूकर्क या नावाने ओळखला जातो. दोघांनाही शिष्यवृत्तीने दार उघडून दिले, पण त्या दारापर्यंत ते आपल्या पायांनी चालत आले होते.

यावर कुणी म्हणेल, चंद्रशेखरांसारखी प्रतिभा कुठे आणि दहावीतला सामान्य विद्यार्थी कुठे; शिवाय बाप्पूंच्या घरी वेधशाळा होती, आमच्या घरी साधी दुर्बीणही नाही. आक्षेप रास्त आहे, पण काम म्हणजे नोबेलच्या तोडीचे काम नव्हे आणि त्यासाठी दुर्बीण लागतेच असेही नाही. जॉन गुडरिक या इंग्लंडमधल्या मुलाला ऐकू येत नव्हते. १७८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने अल्गॉल या ताऱ्याचे तेज ठरावीक काळाने मंदावते हे दाखवून दिले आणि एखादी काळोखी वस्तू त्याच्यासमोरून जात असावी, असे अनुमान मांडले. हे निरीक्षण त्याने नुसत्या डोळ्यांनी केले होते. तोच तारा दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत महाराष्ट्रातल्या कोणत्याही गच्चीवरून ययाती तारकासमूहात संध्याकाळी दिसतो. एरवी त्याची प्रत, म्हणजे तेजाचे माप, २.१ असते; हा आकडा वाढला की तारा मंद समजायचा. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो आणि मंदावून पुन्हा उजळण्याचा हा सारा खेळ सुमारे दहा तास चालतो. शेजारच्या ज्ञात तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करत दर अर्ध्या तासाने त्याची प्रत अंदाजायची आणि वहीत वेळेसह लिहायची. आज रात्री अकराच्या सुमारास तो सर्वांत मंद झाला, तर पुढची संधी तीन दिवसांनी आठच्या आसपास मिळेल. त्यानंतरची मात्र दुपारी उशिरा, सूर्यप्रकाशात निघून जाईल. हे गणित आधी मांडल्याशिवाय निरीक्षणाचा बेतच आखता येत नाही. आणखी पुढे जाऊ. तेज किमान होण्याची वेळ ठरवताना वीस मिनिटांची चूक सहज होते. पण दहा आवर्तनांच्या अंतरावरच्या दोन किमान वेळा घेऊन मधला काळ दहाने भागला, तर आवर्तनकाळातली चूक जास्तीत जास्त चार मिनिटांवर येते. खर्च एका वहीचा, आणि शिकायला काय मिळते? निरीक्षणाचे नियोजन, मोजमापातली त्रुटी, ती कमी करण्याची युक्ती आणि निष्कर्ष लिहिण्याची शिस्त. संशोधन म्हणतात ते याहून मोठ्या प्रमाणावर केलेले हेच काम.

आता अर्जातली दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. एक : ‘मला खगोलशास्त्राची प्रचंड आवड असून या क्षेत्रात देशाचे नाव उज्ज्वल करण्याचे माझे स्वप्न आहे.’ दुसरे : ‘मी या हिवाळ्यात अल्गॉलची निरीक्षणे केली, माझा आवर्तनकाळ मान्य मूल्यापेक्षा काही मिनिटांनी वेगळा आला, त्याचे कारण ढगांमुळे हुकलेले एक किमान असावे, पुढच्या हंगामात तेजाचे अंदाज दोघांनी स्वतंत्रपणे घ्यायचे आम्ही ठरवले आहे.’ दुसऱ्या वाक्यात ‘आवड’ हा शब्द कुठेच नाही, तरी ती दिसते. शिवाय मुलाखतीत काय विचारायचे, हे त्या वाक्याने आपोआप ठरते आणि उत्तरे तुमच्याकडे आधीच असतात. शिफारसपत्राचेही तेच. ‘विद्यार्थी हुशार व होतकरू आहे’ असे पत्र कोणतेही शिक्षक कोणालाही देऊ शकतात. पण ज्या शिक्षकांना तुम्ही वर्षभर तुमची वही दाखवलीत, चुकलेले गणित पुन्हा करून आणलेत, ते त्या वहीबद्दल लिहू शकतात. असे पत्र शेवटच्या आठवड्यात मागून मिळत नाही, ते वर्षभरात तयार होते.

‘पण शेवटी सगळे गुणांवरच ठरते ना?’ हा पुढचा प्रश्न, आणि त्यात अर्धे सत्य आहे. पहिल्या पायऱ्यांवर गुण आणि लेखी परीक्षा यांचे वजन मोठे असतेच. आठवीतल्या मुलांसाठी असलेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत, म्हणजे एनएमएमएसमध्ये, उत्पन्नाची अट आणि परीक्षेतली गुणवत्ता यांवर निवड होते आणि नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती अवकाशासाठी नाही, पण कमी उत्पन्नाच्या घरातले मूल बारावीपर्यंत विज्ञानात टिकून राहण्यासाठी ती फार मोलाची आहे. नववीत इस्रोचा ‘युविका’ हा युवा विज्ञानी कार्यक्रम येतो. २०१९ पासून सुरू झालेल्या या निवासी शिबिराचा प्रवास, राहणे, अभ्याससाहित्य असा सारा खर्च इस्रो करते. त्याची निवडपद्धत नीट वाचा : आठवीच्या गुणांना निम्मे वजन आहे, पण उरलेले निम्मे ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काउट-गाइड किंवा एनसीसी यांना विभागून दिलेले आहे आणि ग्रामीण भागातल्या शाळेत शिकत असल्याबद्दलही वेगळे गुण मिळतात. म्हणजे नववीत जाहिरात येईपर्यंत थांबलेल्या मुलाचा या उरलेल्या निम्म्यातला बराच भाग रिकामाच राहतो. सहावी-सातवीपासून विज्ञान प्रदर्शनात भाग घेणारे मूल तिथे आधीच पुढे असते.

खगोलशास्त्र ऑलिंपियाडकडे पाहिले तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. भारतात त्याचे टप्पे मुंबईच्या मानखुर्दमधल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली होतात आणि पहिली लेखी परीक्षा साधारण नोव्हेंबरमध्ये असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी ऑलिंपियाड मुंबईतच भरले होते. या स्पर्धेत सैद्धांतिक गणिते असतात, दिलेल्या नोंदींचे विश्लेषण करावे लागते आणि प्रत्यक्ष आकाशनिरीक्षणाचीही परीक्षा होते. पाठांतरावर पहिली चाळणी कदाचित पार होईल. आकाशाखाली उभे राहून तारा ओळखताना आणि आलेख काढताना ते कामाला येत नाही. जसजसे वरच्या पायरीवर जाल तसतसे गुणपत्रिकेचे वजन कमी होते आणि केलेल्या कामाचे वाढते. महाविद्यालयात गेल्यावर उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी हेतुपत्र आणि शिफारसपत्र लागते, पीएच.डी.च्या प्रवेशाला तासभर मुलाखत चालू शकते. तेव्हा गुण मिळवाच, त्यांना पर्याय नाही. पण गुण हा उंबरठा आहे, हे ध्यानात ठेवा.

दहावी-बारावीच्या वळणावर एक निर्णय मात्र शिष्यवृत्तीचे नाव शोधण्याआधी घ्यावा लागतो. ‘अवकाशात काम करायचे आहे’ या एका इच्छेखाली निदान तीन वेगळे रस्ते आहेत. तारे, दीर्घिका, कृष्णविवरे समजून घ्यायची असतील तर तो मूलभूत विज्ञानाचा रस्ता : बी.एस्सी. किंवा बी.एस., एम.एस्सी., पीएच.डी. रॉकेट आणि उपग्रह बनवायचे असतील तर अभियांत्रिकी. उपग्रहाने पाठवलेल्या माहितीवरून पीक, पाणी, हवामान, समुद्र यांचा अभ्यास करायचा असेल तर भूगोल, भूशास्त्र, कृषी, संगणकशास्त्र अशा अनेक वाटांनी तिथे जाता येते. शिष्यवृत्त्या या रस्त्यांप्रमाणे विभागलेल्या आहेत, आणि अनेक पालकांची फसगत होते ती इथे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ ही उच्च शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत आहे. त्यातले ६०,००० विद्यार्थ्याला आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. आपापल्या बोर्डात बारावीला वरच्या एक टक्क्यात आलेले विद्यार्थी तिला पात्र ठरतात, पण मूलभूत व नैसर्गिक विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेतला असेल तरच. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेत गेलात की ती मिळत नाही. उलट अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपये देते. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. ‘कुठली शिष्यवृत्ती मोठी?’ हा प्रश्न म्हणूनच नंतरचा. आधी रस्ता ठरवा, मग त्या रस्त्यावरची मदत शोधा.

अभियांत्रिकीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. अवकाश विभागाची तिरुवनंतपुरममधली आयआयएसटी ही संस्था २००७ पासून आहे आणि तिच्या बी.टेक.चा प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डवर होतो. त्यामुळे तिथे किंवा आयआयटीत जागा मिळाली नाही की इस्रोचे दार बंद, असे अनेक मुले धरून चालतात. प्रत्यक्षात इस्रोची वैज्ञानिक-अभियंता भरती मान्यताप्राप्त महाविद्यालयांतल्या यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक अशा शाखांच्या पदवीधरांसाठी खुली असते. पदवीला ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ श्रेणीगुण ही पात्रता आणि त्यावर परीक्षा व मुलाखत. चंद्रयान-३ चे प्रकल्प संचालक पी. वीरमुत्तुवेल यांचे शिक्षण पॉलिटेक्निकमधल्या यांत्रिकी पदविकेपासून सुरू झाले आणि पुढे पायरीपायरीने आयआयटी मद्रासच्या पीएच.डी.पर्यंत पोहोचले. इस्रोचे माजी अध्यक्ष के. सिवन सरकारी तमिळ माध्यमाच्या शाळेत शिकलेले शेतकऱ्याचे चिरंजीव. कोणत्या कॉलेजात आहात यापेक्षा तिथे असताना काय बनवता, याला पुढे अधिक किंमत येते.

पदवीच्या वर्षांत सर्वाधिक उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी अशी शिष्यवृत्ती देतात आणि निवडलेला विद्यार्थी एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत सुमारे दोन महिने काम करतो. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा सुटीतला कार्यक्रम, मुंबईच्या टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम, होमी भाभा केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा ‘नियस’ हे याच वर्गातले. रक्कम फार मोठी नसते. पण ज्या लोकांनी खरोखर संशोधन केले आहे त्यांच्या शेजारी बसून काम करायला मिळते, तुमच्या शिफारसपत्रावर कुणाची सही येईल ते इथे ठरते आणि हे काम आपल्याला झेपते का, रुचते का, हेही स्वतःलाच कळते. काही विद्यार्थ्यांना दोन महिन्यांनंतर उमगते की आपल्याला ताऱ्यांची चित्रे पाहायला आवडतात, त्यांच्या आकड्यांवर दिवसचे दिवस बसायला नाही. पंचविसाव्या वर्षी कळण्यापेक्षा हे विसाव्या वर्षी कळलेले केव्हाही चांगले.

पालकांची काळजी वेगळी असते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही : ‘एवढे शिकून पोटापाण्याचे काय? पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे आम्ही कुठून पैसे आणायचे?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. नेट किंवा गेट यांसारख्या राष्ट्रीय परीक्षेतून पात्र ठरून चांगल्या संस्थेत पीएच.डी. करणाऱ्याला पाठ्यवृत्ती मिळते. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकासाठी ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठासाठी ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता निराळा. म्हणजे घरावर भार टाकण्याऐवजी संशोधक आपला खर्च भागवू शकतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रामाणिकपणे द्यायला हवे. निव्वळ खगोलशास्त्रज्ञांच्या कायम नोकऱ्या मोजक्याच आहेत आणि स्पर्धा तीव्र आहे. पण अवकाश क्षेत्र २०२० नंतर खासगी उद्योगांसाठी खुले झाले, २०२३ मध्ये अवकाश धोरण आले. हैदराबादच्या स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि चेन्नईच्या अग्निकुलने मे २०२४ मध्ये स्वतःची रॉकेटे उडवली. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये निर्वात पोकळी राखायला, लेसर आणि आरसे सांभाळायला, येणाऱ्या माहितीतून गोंगाट वेगळा काढायला नाना प्रकारची कुशल माणसे लागतात. आणि जो विद्यार्थी अवकाशातून आलेल्या आकडेवारीवर काम करून तयार झाला, त्याला संख्याशास्त्र आणि संगणकाची अशी बैठक मिळते की तो उपाशी राहत नाही. धोका नाही असे म्हणता येणार नाही, पण आधीपासून केलेल्या कामाने तो कमी होतो.

‘हे सगळे शहरातल्या, इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी’ हा आक्षेप सर्वांत जास्त बोचणारा आहे, कारण विषमता खरीच आहे. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, आकाशाच्या बाबतीत गाव शहरापेक्षा श्रीमंत आहे. मुंबई-पुण्याच्या उजेडात हरवलेले तारे दुर्गम पाड्यावरच्या मुलाला रोज दिसतात, आणि वर सांगितलेली निरीक्षणे तोच अधिक चांगली करू शकतो. दुसरी, मराठीतून आधार आहे. १९४४ साली स्थापन झालेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचे खगोल मंडळ, मराठी विज्ञान परिषद यांचे काम मराठीतून चालते. आयुकात शाळकरी मुलांसाठी मराठीतूनही व्याख्याने होतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तिथे विज्ञान प्रदर्शन भरते. जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. अॅडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते, म्हणून अकरावीपासून विज्ञानाची इंग्रजी परिभाषा शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घ्यावी. विषय मराठीतून पक्का समजलेल्या मुलाला परिभाषा बदलायला काही महिने लागतात. विषयच कच्चा राहिला तर कोणतीही भाषा त्याला तारत नाही. गावातल्या शिक्षकांनी या माहितीचा एक कागद शाळेच्या फळ्याशेजारी लावला, तरी कितीतरी मुलांपर्यंत ती वेळेत पोहोचेल.

परदेशातल्या शिष्यवृत्त्यांबाबत उत्साहाइतकीच सावधगिरी हवी. युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती निवडक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क आणि दरमहा १,४०० युरो देते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. १८९२ मध्ये सुरू झालेली जे. एन. टाटा एन्डोमेंट जयंत नारळीकरांसारख्या अनेकांना केंब्रिजला जाताना उपयोगी पडली. पण ती कर्जशिष्यवृत्ती आहे, ती फेडावी लागते. हा फरक सही करण्याआधी समजून घ्यावा. अमेरिकेच्या स्वप्नाबाबतही एक कटू वस्तुस्थिती आधीच माहीत असलेली बरी : नासाच्या इंटर्नशिपसाठी साधारणपणे अमेरिकी नागरिकत्व लागते आणि रॉकेट-तंत्रज्ञानावरच्या निर्यातबंधनांमुळे तिथल्या बहुतेक अवकाश कंपन्या परदेशी नागरिकाला सहजी घेऊ शकत नाहीत. तिथल्या विद्यापीठांत खगोलभौतिकीचे संशोधन मात्र भारतीयांना खुले आहे. म्हणजे कोणत्या देशात कोणता रस्ता चालू आहे, हे आधी पाहावे लागते. आणि ‘नासा शिष्यवृत्ती’ अशा नावाखाली हजारो-लाखो रुपये आधी भरायला सांगणारे जे कार्यक्रम असतात, ती बहुधा सहल असते. सहलीला जायला हरकत नाही, पण ती शिष्यवृत्ती नव्हे आणि कोणत्याही निवड समितीसमोर तिचे वजन अल्गॉलच्या वहीइतकेही नाही. खरी शिष्यवृत्ती पैसे देते, मागत नाही. तिचे नियम संबंधित संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर असतात, ते तिथेच वाचावेत.

मनासारखी शिष्यवृत्ती मिळाली नाही आणि शेजारच्या विषयाची मिळाली, तर काय करावे? अन्ना मणी यांचा जीवनक्रम या प्रश्नाचे उत्तर देतो. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम केले, शोधनिबंध लिहिले, पण एम.एस्सी. नसल्याच्या कारणावरून विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. १९४५ मध्ये त्या सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. त्यांना भौतिकशास्त्र शिकायचे होते, शिष्यवृत्ती मात्र हवामानाच्या उपकरणांसाठी होती. त्यांनी ती घेतली, १९४८ मध्ये परत येऊन पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि देशाला लागणारी उपकरणे देशातच बनवण्याचे काम उभे केले. १९६३ साली थुंबा येथून भारतातले पहिले अवकाश-रॉकेट उडाले, त्या थुंब्यातली हवामान वेधशाळा विक्रम साराभाईंच्या विनंतीवरून उभारली ती अन्ना मणींनी. शेजारचा विषय म्हणजे तडजोड, असे मानून त्या परत फिरल्या असत्या तर हे घडले नसते. तेव्हा मूळ ध्येयाशी नाते सांगणारी संधी आली तर ती घ्यावी. मात्र ज्या विषयाशी आपले काहीच नाते नाही, तो केवळ पैसे मिळतात म्हणून घेऊ नये. तिथे ना मन लागते, ना पुढचे दार उघडते.

राहता राहिली कागदपत्रे. यात पांडित्य नाही, पण चांगल्या अर्जांचा घात बहुतेक वेळा इथेच होतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेयर, शाळेचा बोनाफाइड आणि आधारशी जोडलेले विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते या गोष्टी अर्जाची तारीख जाहीर होण्याआधी तयार हव्यात. नावाचे स्पेलिंग आधार, गुणपत्रिका आणि बँक पासबुकावर सारखेच आहे ना, हे आजच तपासा. एका अक्षराच्या फरकाने रक्कम अडकते. परदेशाचा विचार असेल तर पारपत्र आधी काढून ठेवा. शिष्यवृत्ती मिळाल्यावरच्या अटीही वाचा : दरवर्षी किती गुण राखायचे, प्रकल्प अहवाल कधी द्यायचा, मध्येच शाखा बदलली तर काय होते, काही वर्षे सेवेचा करार आहे का. एका वहीत वर्षाचे महिने मांडून प्रत्येक महिन्यासमोर त्या काळात निघणाऱ्या परीक्षा आणि अर्ज लिहून ठेवले, की जाहिरात निसटत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत साधा आहे : एवढे करूनही निवड झाली नाही तर? तसे होऊ शकते. जागा थोड्या आणि लायक मुले अधिक, ही परिस्थिती कोणत्याही सल्ल्याने बदलत नाही. पण ज्याने केवळ अर्ज भरला त्याच्याकडे नकारानंतर नकारच उरतो. ज्याने वर्षभर निरीक्षणे केली, गणिते सोडवली, लिहिले, त्याची वही कुणी परत मागत नाही. ती पुढच्या अर्जाला लागते, मुलाखतीला लागते, आणि उद्या त्याने दुसरेच क्षेत्र निवडले तरी काटेकोर विचार करण्याची सवय सोबत जाते. शिवाय समाज म्हणून आपलाही यात हिशोब आहे. शिष्यवृत्तीचा पैसा लोकांच्या करातून किंवा कुणाच्या दानातून येतो. तो ज्या हातांत काम आधीच सुरू आहे त्या हातांत पडला, तर त्याचे सोने होते. म्हणून ही विनंती. या आठवड्यात, अजून कोणतीही जाहिरात निघालेली नसताना, एक प्रश्न निवडा. वही उघडा, तारीख आणि वेळ घाला आणि पहिली नोंद करा. एखाद्या शिक्षकांना ती दाखवा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवा. अर्ज भरायची वेळ येईल तेव्हा स्वतःबद्दल काय लिहावे, हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.